कॅप्टनचा निळा पट्टा

बोर्डिंग, लातूर

माय, तुझ्या शिवकन्यानं इथूनच तुझ्या पायावर डोकं ठेवलं.

गुडघा बरा हाय, पोटभर जेवते. शेळी व्याली का? पिल्लं किती?

सामना एका गुणानं हारलो हे फोनवर सांगितलं. पण तवा सिस्टर बाजूलाच होत्या, म्हणून बाकीचं लिहून राहिले.

आमच्या कबड्डीच्या सिस्टर सामना झाला की सगळ्यांना चर्चमध्ये नेतात. तिथं मदर मेरीपुढं कॅप्टनचा निळा पट्टा ठेवलेला असतो. जी सगळ्यात खरं खेळली, तिच्या दंडाला तो बांधतात.

मी चढाईत नऊ गुण आणले, माय. अन् पट्टा कुणाला? आमच्याच संघातल्या सिंधूला! तिचा पाय रेषेबाहेर गेला, पंचानं पाहिला न्हाई, तरी हिनंच हात वर करून सांगितलं. तिच्यामुळंच हारलो. चढाईला गेली की हिला दम लागतो, अन् कॅप्टन म्हणून मिरवून राहिली. ती समोर जेवायला बसली की मी ताट उचलून दुसरीकडं बसते.

सिस्टरनं मला विचारलं, "शिवकन्या, तुला काही सांगायचंय?" मी न्हाई म्हणाले.

शेवटच्या चढाईत समोरच्या संघातल्या एका पोरीला माझा हात लागलाच नव्हता. लागला म्हणून मीच ओरडले, अन् ती रडत बाहेर गेली. सिंधूनं ते पाहिलं. आमची नजरानजर झाली. तरी तिनं अजून कुणाला सांगितलं न्हाई, याचाच मला लई राग येतो.

पेपरातलं नऊ गुणांचं कात्रण भिंतीवर लावलं असशील, तर काढून ठेव.

तुझीच,
शिवकन्या