अपघाताच्या जबाबातला माझा चष्मा

तीर्थस्वरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच स्वीकारावा, मानेला पट्टा असल्यामुळे सध्या कोणाहीपुढे वाकता येत नाही. वाकण्याची सवय याला कधी होती, असे दादा म्हणेल. त्याला म्हणू द्या.) आपले गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला गेला, की पाहुणे उठावेत म्हणून अजून खोकतो? मी ठणठणीत आहे, असे लिहिणार होतो. परंतु आपण वाहतूक खात्याच्या ज्या नोंद विभागाच्या प्रमुख आहात, त्याच्या संकेतस्थळावर माझी प्रकृती आता कोणालाही वाचता येते. तेव्हा खोटे लिहिण्यात अर्थ नाही.

घडले ते असे. आपल्या धाकट्या जाऊबाई (म्हणजे आमच्या सौभाग्यवती) बहिणीकडे निघाल्या, म्हणून मी त्यांना स्टेशनवर सोडले. निघताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला लांबचं दिसत नाही. चष्मा बदला, नाहीतर गाडीला हात लावू नका." आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला असे पुराव्यावाचून केलेले विधान झोंबते. चोख उत्तर सुचले, पण त्यांची गाडी सुटल्यावर. म्हणून परतताना मी ते मनातल्या मनात रचत होतो; आणि माझी दृष्टी निर्दोष असल्याचा मुद्दा अगदी निरुत्तर करणारा झालेला असतानाच, सिग्नलला उभ्या असलेल्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर मागून आदळलो. तिच्यातल्या शिकाऊ बाई उतरल्या आणि मान वाकडी करून म्हणाल्या, "काका, लाल म्हणजे थांबायचं. मला आजच शिकवलंय." (वयाने माझ्याच बरोबरीच्या. काका!)

हवालदाराने जबाब म्हणून चार ओळी खरडल्या: लक्ष नव्हते, धडकलो, कोणी मेले नाही, सही करा. असल्या गबाळ्या मजकुराखाली मी सही करीन? मी पेन मागून घेतले. लक्ष नव्हते, तर का नव्हते? वादामुळे. वाद कशाचा? चष्म्याचा. मग चष्म्याचा नंबर, डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला, तो मी धुडकावल्याची कारणे, रक्तदाबाची गोळी, बद्धकोष्ठ, आणि जाऊबाईंचे विधान शब्दशः, असा सुसंगत जबाब सिद्ध केला. पत्ता खुणांसकट दिला, फोन नंबर ठळक लिहिला. "साहेब, एवढं वाचणार कोण?" हवालदार म्हणाला.

वाचले, वहिनी, सर्वांनी वाचले. गाडीचा नंबर टाकला की अख्खा जबाब समोर येतो. सकाळी एका वकिलाचा फोन आला. दुपारी चष्म्याच्या दुकानातून आला (माझ्या चष्म्याचा नंबर त्यांना माझ्याहून अचूक पाठ होता). संध्याकाळी कोणी चूर्णवाला बद्धकोष्ठाची इतक्या आपुलकीने चौकशी करू लागला, की दादाने कधी केली नसेल. समोरचे निवृत्त इंजिनिअर जिन्यात भेटले की दोन बोटे उभी करून "किती?" विचारतात.

मी आपल्या कार्यालयात फोन केला. कारकून म्हणाला, "फोनवर कोणाच्या जबाबाबद्दल बोलता येत नाही, खाजगी माहिती असते." मी म्हटले, अहो, तो कोणाचा नव्हे, माझा आहे! "ते तुम्ही म्हणताय," तो म्हणाला. म्हणजे जो मजकूर चूर्णवाल्याला खुला, तो त्याच्या लेखकाला गोपनीय. त्याच पानावर हवालदाराचे नाव मात्र फुल्यांनी झाकलेले आहे (सुरक्षेसाठी म्हणे). माझ्या आतड्यांना एकही फुली मिळाली नाही! नागरिक एकदा धडकला, की त्याची कातडी काढून चौकात वाळत घालायची, असा काही नियम आहे का?

आता मुद्द्याचे. जाऊबाई रविवारी परत येतात. त्यांनी ते पान पाहिले, तर हा वाद मी या जन्मी तरी हरलो. आणि पुढचे सगळे वाद त्यांना न बोलता जिंकता येतील. आपण प्रमुख आहात. एक बटण दाबले, की पान नाहीसे होईल. व्यक्तीच्या खाजगीपणासाठी एवढे कराच.

आपला आज्ञाधारक (हे आपल्यापुरतेच),
धाकटा दीर

ता.क. पान काढता येत नसेल, तर 'व्यवसाय: मास्तर' हे तरी खोडून 'तर्कशास्त्राचे प्राध्यापक, विद्यावाचस्पती' असे करावे. लोक वाचतात.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवण्याआधीच जाऊबाईंचा फोन आला. इंजिनिअरांच्या बायकोने पान पाठवले. तिकडे सर्वांनी मिळून ते मोठ्याने वाचले. वर जाऊबाईंनी स्वतःचा पुरवणी जबाब दाखल केला, आणि आपल्या तत्पर विभागाने तो माझ्या जबाबाखाली चढवलासुद्धा! मी इंजिनिअरांच्या सुनेला माझीच मुलगी समजून उशिरा घरी आल्याबद्दल रागावलो होतो, हे त्यात सविस्तर आहे. तेव्हा पान मुळीच काढू नये. सार्वजनिक नोंद सार्वजनिकच राहिली पाहिजे, या मताचा मी आहे. फक्त प्रत्युत्तराचा जबाब किती पानांपर्यंत चालतो, ते उलट टपाली कळवावे. माझी अजून प्रस्तावनाच चालू आहे.