पुलापलीकडची बिस्किटं

तीर्थस्वरूप अन्सेल्मोदादांना धाकट्या एवेलिओचा, दोन्ही हात पिठाने भरलेले असल्यामुळे लांबूनच, नमस्कार.

तुमच्या डोळ्याची पट्टी सुटली का? सुटली नसेल तर हे पत्र मुलाकडून वाचून घ्या. सूनबाईकडून नको, ती मधलं मधलं गाळते. इकडची काळजी करू नका. रोज पूल ओलांडून तुमच्या घरी जातो, कोंबड्यांना दाणे टाकतो. ठिपक्यांची कोंबडी माझ्या घोट्याला चोच मारते, पण ते चालायचंच, घराण्याचा गुण आहे.

पत्राचं कारण, आपल्या एल्विराची नुबिया. आपली भाची सरकारची मोठी वकिलीण झाली हे आपल्याला ठाऊक होतं, पण ती नेमकं करते काय, हे खुद्द एल्विरालाही मरेपर्यंत कळलं नाही. शेजारणींना ती सांगायची, ‘माझी लेक नावं राखते.’ माणसं गुरं राखतात, शेतं राखतात. नावं कसली राखायची, म्हणून आपण दोघे हसायचो. तिच्या खात्याला म्हणे बौद्धिक संपदा म्हणतात (आपल्या घराण्यात संपदा कुणाकडे नव्हती, आणि बौद्धिकाचं तर बोलायलाच नको). कारकुनांच्या खोलीत दारामागच्या खुर्चीवर बसून सुरुवात केलेली ही पोर. आता ती आत आली की बड्या कंपन्यांचे वकील कोटाची बटणं लावतात. हे मी या डोळ्यांनी पाहिलं. गेल्या नाताळात मी तिला बिस्किटांचा डबा पाठवला तो तसाच परत आला. वर चिठ्ठी, ‘मामा, खटला चालू आहे, तोवर हे पोटात जाणं बरं नव्हे.’ (डबा उघडलेला नव्हता. वास घेतला असेल, एवढंच.)

खटला तुम्हाला माहीत आहेच. सातासमुद्रापलीकडची ती कंपनी आपल्या ग्वायाकालच्या चीजच्या बिस्किटांचं नाव यंत्रातल्या बिस्किटांना लावून बसली होती. ती जिंकली असती तर आपल्या गावातल्या बायकांना आपल्याच डब्यावर आपल्याच गावाचं नाव घालता आलं नसतं. नुबियाचं म्हणणं एवढंच, की ही चव ग्वायाकालच्या पाण्याची आहे. पुलाच्या अलीकडे ती होते, पलीकडे होत नाही.

साक्षीला मला नुबियाने बोलावलं नव्हतं. सख्ख्या मामाला साक्षीदार करणं तिला शोभलं नसतं. बोलावलं कंपनीच्या वकिलाने. मी तुमचा नवा लोकरी रुआना पांघरून बोगोताला गेलो (विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता). वकील भलता गोड माणूस. म्हणाला, ‘एवेलिओसाहेब, तुमची भट्टी पुलापलीकडे, ला वेगात ना? पण हात ग्वायाकालचे, कृती तुमच्या आईची. मग चवही ग्वायाकालचीच असणार, नाही का?’

दादा, मी हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा! आणि मग कळलं. चव पूल ओलांडते म्हटलं, तर समुद्रही ओलांडेल, कंपनी जिंकली. नाही म्हटलं, तर माझ्या भट्टीत माझ्याच हाताने पाणी. मी नुबियाकडे पाहिलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. खूण नाही, खाकरणं नाही. मामा काय बोलेल ते बोलेल, असं ठरवूनच बसली होती. खूण केली असती, तर मी चिडून हो म्हणालो असतो.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘पलीकडे पिठात ते चीज तसं मिसळत नाही, पाणी वेगळं. लग्न झाल्यापासून खटपट करतोय. बायको म्हणते जमलं, गिऱ्हाईक म्हणतं जमलं. मला माहीत आहे, जमलेलं नाही.’

नुबिया उठली आणि म्हणाली, ‘मला या साक्षीदाराला काही विचारायचं नाही.’ बस्स. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि कुठे गप्प बसायचं हे तिला कळतं! मी त्या पोरीला कडेवर घेऊन फिरलोय, पण त्या दिवशी उठून उभं राहावंसं वाटलं. उभाच होतो म्हणून राहिलं. निकाल आपल्या बाजूने लागला. बाहेर येऊन तिने मला ‘मामा’ म्हणून हाक मारली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते थंडीवर ढकललं.

घरी मात्र आमची सौ. ओर्तेन्सिया कमरेवर हात ठेवून उभी. ‘घरजावई म्हणून आलात, ताटावर ताटं जेवलात, आणि सरकारपुढे सांगितलंत की आमच्या पाण्याला चव नाही?’ ला वेगाच्या न्हाव्याने अर्धी दाढी करून वस्तरा मिटला आणि म्हणाला, ‘उरलेली ग्वायाकालच्या पाण्याने करा.’ वर खात्याकडून नोटीस आली, की माझ्या डब्यांवरून ग्वायाकालचं नाव काढावं. सही नुबियाची. खाली हाताने लिहिलेलं, ‘मामा, तब्येतीला जपा.’ मी ती नोटीस चौकट करून भट्टीवर लावली आहे.

असो. डोळ्यात औषध घालत जा.

तुमचा, अजून अर्ध्याच दाढीचा,
एवेलिओ

ता. क. तुमचं खुराडं पुलाच्या अलीकडे, थेट ग्वायाकालच्या हद्दीत येतं. आत भट्टी बरोबर बसते. (दाणे टाकता टाकता मापं घेतली.) कोंबड्या मी ला वेगाला नेतो, त्यांच्या अंड्यांवर अजून कुणी खटला भरलेला नाही. उत्तर आलं नाही तर हो समजेन.

आणखी एक. रविवारी नुबिया आली होती. खटला संपल्यामुळे तिने माझ्या भट्टीतलं बिस्कीट खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मी म्हटलं, ‘खरं सांग, फरक कळतो का गं?’ ती ओठ पुसत म्हणाली, ‘मामा, तुम्ही शपथेवर सांगितलंय, आता मी कशाला तपासू?’ आणि उरलेली सगळी पिशवीत भरून घेऊन गेली. ओर्तेन्सिया म्हणते, फरक कधी नव्हताच. गावाच्या आठवणीने माझी जीभ बिघडली आहे. दादा, कोंबड्या लवकर हलवू द्या. मी भर कोर्टात खरं बोललो की नाही, ते मला एकदा कळायला हवं.