नकाशातला निळा डाग

बाई, आज सकाळी मंजुरी आली! ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं तरी माझं पोट भरत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. गुरुग्रामच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या दगडखाणी कधीच बंद पडल्या, पण दगडाच्या भुकटीनं बुजलेला गावाचा तलाव तसाच राहिला. आता खाणींनी नुकसान केलेल्या गावांसाठी जो निधी असतो, त्यातून तो उपसला जाणार, काठावर झाडं लागणार. आणि त्याचा अर्ज भरला होता मी. दहावीलाही न बसलेल्या माझ्यासारख्यानं!

झालं असं, की कॉम्प्युटरवर उपग्रहाच्या नकाशात गावाशेजारी एक निळा चौकोनी डाग दिसत होता. तोच तलाव धरून मी अर्जासाठी नकाशा काढला, प्रत्येक शब्द तीनदा तपासला. मी काम करतो त्या संस्थेचे साहेब म्हणाले, "बढिया! भेज दो, यार." मुदतीला अजून एक दिवस होता आणि माझा हात काही पुढे होईना. तुम्ही आठवलात. दिल्लीत, पहाडगंजच्या शाळेत तुम्ही घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला होता. मी तो घरी बसून, पट्टी लावून सुबक काढला. तुम्ही चष्म्यावरून बघताय. "गल्लीच्या मधोमध हातपंप आहे, तो कुठे गेला? पायांनी बघून ये, मग काढ." सगळा वर्ग हसतोय, माझे कान तापलेत.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच गावात गेलो. तिथल्या बायकांचा बचत गट चालवणाऱ्या चाचींपुढे नकाशा उलगडला. त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "अरे बेटा, यो तालाब ना है! क्रशर की तिरपाल है!" बंद पडलेल्या खडी-क्रशरच्या छपरावरची निळी ताडपत्री. बाई, मी ताडपत्री उपसायला निधी मागत होतो!

मग चाची पुढे आणि मी मागे, असा खरा तलाव आम्ही पावलांनी मोजला. "यहाँ मैं भैंस नहलाती थी," म्हणत त्यांनी पाय आपटला, तर पांढरी धूळ उडाली. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "ठीक से भरियो. दोबारा कौन पूछेगा हमें?" संध्याकाळी नवा नकाशा जोडून अर्ज पाठवला.

आज फोनवर त्या ओरडल्याच, "बेटा, भैंस ले लूँ?" मी म्हटलं, "चाची, पहले पानी तो आने दो!"

एक राहिलं. त्या हातपंपाच्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं होतं, की बाईंनी मारलं. आई शाळेत येऊन तुम्हाला सगळ्यांदेखत बोलली. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि गप्प राहिलात. तुम्ही मला हातही लावला नव्हता. आज पेढे देताना आईला खरं सांगायचं ठरवलं होतं. पेढे दिले, तेवढंच झालं. हे पत्रही तुम्हाला पाठवायचं धाडस होत नाही; तिला सापडू नये म्हणून ऑफिसात, तलावाच्या फायलीत ठेवतोय.