हसऱ्या तोंडाचं बटण

माय, गेल्या आठवड्यात आपल्या बपेऱ्याच्या शाळेत साहेब लोक आवाज घेऊन आले होते. तुला वाटेल मी थट्टा करते आहे, पण खरंच, दोन गाड्या भरून आवाज. मोठाले काळे भोंगे, वायरींची भेंडोळी, वर्गाच्या खिडक्यांना लावायला जाड गाद्या. चार-पाच देश मिळून एक प्रवासी विमान बनवत आहेत म्हणे, आवाजापेक्षा वेगानं उडणारं आणि तरीही धूर न सोडणारं. अडचण एवढीच की इतक्या वेगानं विमान वरून गेलं की खाली जमिनीवर धडाका होतो. तो कमी करत करत त्यांनी नुसत्या 'धप्प' आवाजावर आणला आहे, आणि तेवढासुद्धा माणसांना खुपतो का, ते त्यांना बघायचं आहे. शहरातले कान निबर झालेले असतात, म्हणून वेगवेगळ्या देशांत शांत गावं शोधली. कोणी इंजिन दिलं, कोणी इंधन, कोणी पैसा. आपल्या वाट्याला कान आले.

मी तुमसरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि माहेर बपेऱ्याचं, म्हणून दुभाषी म्हणून मलाच धरलं. मी गेले, पण पहिल्या मिनिटापासून माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. एवढं मोठं जग सोडून हे लोक आपल्याच दारात कशाला? त्यांच्या पत्रकावर धानाच्या हिरव्यागार बांधीवरून पांढरं विमान चाललेलं, जणू रोवणी त्यानंच केली आहे. विलायतेहून आलेली बाई, त्यांची मुख्य, गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, किती शांत गाव आहे. चहा घेताना पुन्हा म्हणाली, किती शांत गाव. तेव्हा मला तूच आठवलीस.

तो दिवस तुला आठवतो का? मी सात-आठ वर्षांची असेन. बाबांच्या ओळखीचे एक पाहुणे जेवायला बसले आहेत, तू चुलीपाशी, मी तुझ्या पदराला धरून. तू म्हणतेस, "घ्या ना जी, अजून भात घ्या." आणि मी मोठ्यानं सांगते की गंजात भात उरलाच नाही. पाहुणे हसले, पानावरून उठले. ते गेल्यावर तू माझा कान धरलास. "पाहुण्याच्या तोंडावर खरं कायले बोलते वो? तो गेल्यावर बोलावं." आणि मग तू स्वतः बोलायला लागलीस, ते भांडी घासून होईपर्यंत. "त्यानं वांग्याच्या भाजीची दोनदा तारीफ केली ना, मले तं तवाच समजलं, हा बैलजोडी मांगून राहिला." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, चार दिवसांसाठी बैल द्या म्हणून. तुझ्या तोंडावरचं हसू आणि पोटातली शंका, दोन्ही एकाच वेळी कशी नांदत होती हे मला अजून कळलेलं नाही. शंका तेवढी माझ्याकडे आली, हसू तुझ्याबरोबर गेलं.

तर, तपासणी अशी होती. सहा-सहा माणसं वर्गात बसवायची, बाहेरून आवाज सोडायचा, आणि प्रत्येकाच्या हातात पाच बटणांची एक डबी. बटणांवर तोंडं काढलेली, एका टोकाला हसरं, दुसऱ्या टोकाला रडकं. विचारायचं एकच, या आवाजाचा तुम्हाला किती त्रास झाला? पहिले आवाज साधेच होते, दूर कोणी गाडीचं दार आपटल्यासारखे. मग माणूस कुठवर सोसतो ते बघायला ते वाढवत नेले. शेवटच्या आवाजाला खडूंचा डबा टेबलावरून खाली आला आणि बाहेर बांधलेली बकरी दावं तोडून पळाली. आपल्या शेजारची काकी, आता पार वाकली आहे, तिनं दोन्ही हात छातीवर धरले. क्षणभरानं पदर सारखा केला, त्या बाईकडे बघून हसली आणि हसऱ्या तोंडाचं बटण दाबलं. मी हळूच विचारलं, काकी, घाबरलीस ना? तर म्हणते, "नाही बाई, चांगला हाय ना आवाज. एवढ्या दुरून आणला त्याईनं."

सगळ्यांनी तेच केलं, माय. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, हे विमान कशावर चालते जी? मी सांगितलं, पाण्यापासून वायू काढतात, त्यावर. तो म्हणाला, "धानाले पाणी भेटून नाही राहिलं, अन् विमानाले कुठून देता जी?" पण ते सुद्धा मला, मराठीत, पाहुण्यांना कळणार नाही अशा बेतानं. डबी हातात आली तेव्हा त्यानंही हसरंच तोंड दाबलं. संध्याकाळी, त्यांच्यासोबत दिल्लीहून आलेले अधिकारी पडद्यावरचा आलेख बघून खूश होते. बपेऱ्यासारखं समंजस गाव दुसऱ्या कुठल्या देशात सापडलं नाही म्हणाले. शांत, शांत आणि आता समंजस, ही तिसरी तारीफ मी मोजली. उद्या विमानाचा रस्ता कुठून न्यायचा हा प्रश्न निघेल, तेव्हा हाच आलेख टेबलावर येईल. यांना चालतं, यांनीच सांगितलं. आमचं आभाळ आम्हीच चहा पाजून देऊन टाकलं असं होईल.

मी त्या बाईला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं की तुमची उत्तरं खोटी आहेत. आमच्याकडे पाहुण्याला त्रास झाला असं तोंडावर म्हणत नाहीत. बाईनं कपाळावर हात मारला. दिल्लीचे अधिकारी मात्र माझ्यावरच घसरले. हा प्रश्न इतक्या देशांनी बसून शब्द न् शब्द ठरवला आहे, मॅडम, सगळीकडे तोच विचारायचा, तरच तुलना होते. तुम्ही तो बपेऱ्यात बसून बदलणार का? मी म्हटलं, प्रश्न राहू द्या, त्याच्या जोडीला आणखी एक विचारा. तुमच्या शेजाऱ्याला किती त्रास होईल? बाई आणि अधिकारी बराच वेळ आपसात इंग्रजीत वाद घालत राहिले. मला ती बाई सुद्धा संशयास्पदच वाटत होती, इतक्या लवकर पटणारा माणूस मला पटत नाही. पण ती म्हणाली, उद्या विचारू.

दुसऱ्या दिवशी वर्गात काय झालं ते बघायला तू पाहिजे होतीस. माझं काही नाही जी, पण शेजारचीचं बीपी वाढते. माझं काही नाही, पण त्याची म्हैस अशा आवाजानं पान्हवणार नाही. त्याची सून बाळंतीण आहे, पोरगं दचकून दचकून रडन. काकीनं आपल्या रिकाम्या घराकडे बोट दाखवून सांगितलं की तिथली कौलं घसरतील. कौलं तिच्या घरावर आहेत, माय, आपल्या घरावर स्लॅब पडून किती वर्षं झाली. रडक्या तोंडाचं बटण दाबून दाबून आत गेलं. बाई भराभर लिहून घेत होती, अधिकारी खिडकीबाहेर बघत होते. त्या लिहिण्याचं पुढे काय होईल ते देव जाणे, मी काही भरवसा धरलेला नाही.

सामान आवरताना बाईनं डबी माझ्यापुढे धरली. गावाकडची म्हणून तुमचंही उत्तर घेऊ. तो मोठा आवाज पुन्हा झाला. पहिल्या प्रश्नाला मी मधलं तोंड दाबलं, ना हसरं ना रडकं, मास्तरणीसारखं. दुसऱ्या प्रश्नाला मी म्हटलं, मी एकटी राहते, शेजाऱ्यांचं मला ठाऊक नाही, माझ्या आईच्या वतीनं सांगते. आणि रडकं तोंड दाबलं. तिनं मान हलवली, नोंद केली. तू वीस वर्षांपूर्वी गेलीस हे मी तिला सांगितलं नाही.

तेव्हापासून मला चैन नाही. तुझा धाकटा लेक परदेशी गेला त्या वर्षापासून आभाळात कुठंही घरघर झाली की तू हातातलं काम टाकून अंगणात यायचीस. पिठाचे हात तसेच डोळ्यांवर धरून वर बघायचीस. "ह्याच्यातच असन का वो तो?" मी चिडायचे, माय, हे विमान कुठून कुठं चाललं आहे ते तरी कळतं का तुला? तू ऐकायची नाहीस, ते ढगात शिरेपर्यंत उभी राहायचीस. तू गेलीस तेव्हा तो दोन विमानं बदलून आला, आणि तोवर आम्ही तुला पोचवून वैनगंगेवरून परतलो होतो. काल त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणतो, ताई, असलं विमान झालं तर मी सकाळी निघून रात्री घरी जेवायला येईन. आहेत त्या विमानांनी तरी तो कुठं येतो?

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, त्या बाईला तर नाहीच. नोंद बदलून घ्या म्हणून फोन करायला हवा होता, केला नाही, करणारही नाही. काकीनं तिची कौलं आपल्या घरावर टाकली, तसं मी माझं रडकं तोंड तुझ्या नावावर टाकलं. तुला त्या धडाक्याचा काही त्रास झाला नसता. तू अंगणात धावली असतीस, वर बघितलं असतंस, आणि परत येऊन हसऱ्या तोंडाचं बटण दाबलं असतंस. पाहुण्याच्या तोंडावर तू पहिल्यांदाच खरं बोलली असतीस.