गोलकीपरच्या बदल्यात बर्फाची गाडी

हार्लो क्रीक, सस्कॅचेवान
जूनचा पहिला मंगळवार

ती. स्टेफाताईस,

धाकट्या ओर्सियाचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देईल तेवढंच वाकून).

तुझं पित्त आता कसं आहे? डॉक्टरांनी बंद केलेलं सॉसेज भाऊजी अजून गॅरेजमध्ये लपून खातात का? खात असतील तर हे पत्र संपेपर्यंत तरी खाऊ देऊ नकोस, कारण त्यांचा रक्तदाब जागेवर असलेला मला हवा आहे. इकडे मी ठीक. बटाटे लावून झाले, डास आले, आणि मी आपल्या गावच्या हॉकी संघाची जनरल मॅनेजर झाले. तू आता चष्मा पुसशील. पुसलास तरी तेच लिहिलेलं दिसेल.

त्याचं असं झालं. मार्चमध्ये तुमच्या किट्सनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात (तू पलीकडच्या बाजूला बसून ती गाईची घंटा वाजवत होतीस, मी विसरलेले नाही) आमची बर्फ गुळगुळीत करायची गाडी रिंकच्या मधोमध मेली. धूर निघाला, तेल सांडलं, आणि अर्धं गाव घसरत-पडत तिला ढकलायला उतरलं. ग्लेन हॅलवर्सन तेव्हा मॅनेजर होता. त्याने तिथल्या तिथे हात झटकले आणि तळ्याकाठी घर घेऊन मासे धरायला निघून गेला. त्याच्या मागोमाग कोच गेला, आणि कोचच्या मागोमाग तिकिटं विकणारी त्याची बायको. म्हणजे आमचं अख्खं ऑफिस (पॉपकॉर्नच्या खिडकीशेजारची ती खोली, जिचं दार पूर्ण उघडत नाही) आठवड्यात ओस पडलं. मग वार्षिक सभा भरली. मी गेले होते ती बटाटा भरलेली पेरोगी उकडायला. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे, सभेत जो जागेवर नसेल त्याची निवड होते, पण पातेलं उतू जायला लागल्यावर माणूस काय रीत आठवत बसतो? मी आत गेले आणि परात घेऊन बाहेर येते तो टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, पेरोग्यांसाठी. मी लाजून म्हणालेसुद्धा, “अहो, त्यात काय एवढं, मला आवडतं हे करायला!” डेलने (आमचा खजिनदार, डुकरं पाळतो तो) ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली सर्वानुमते असा शेरा मारला.

उन्हाळा म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा मोसम. कोणाचा बचावपटू कोणाकडे, कोणाचा सेंटर कोणाकडे, सगळं ह्या दिवसांत ठरतं. मला वाटलं होतं, आपल्याकडे शेजारणी रोपांची देवाणघेवाण करतात तसंच हे असणार. पहिल्याच फोनवर एका मॅनेजरने आमचा चांगला बचावपटू मागितला. बदल्यात काय देणार, विचारलं, तर म्हणाला, “पुढेमागे बघू. ह्या धंद्यात असंच लिहितात.” मी म्हटलं, बाबा रे, नव्या स्वयंपाकघराच्या बाबतीत आमच्या माइकने मला जन्मभर हेच दिलं, आणि तो गेला तरी कपाटांची दारं अजून लोंबताहेत. फोन ठेवला. डेलने पाठ थोपटली. मला वाटलं, जमतंय की!

तिथेच फसले. दुसरा फोन शहरातल्या मोठ्या संघाचा. त्यांच्याकडे एक सेंटर जास्तीचा होता, चांगला गोल करणारा, आणि जवळजवळ फुकट देत होते. आता आईने आपल्याला काय शिकवलंय? कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. त्याप्रमाणे मी म्हटलं, “छे छे, तुम्हालाच लागेल तो!” तो म्हणाला, बरं. आणि ठेवला की फोन! (शहरातली माणसं, ताई. ह्यांच्या घरी पाहुणे उपाशीच परत जात असतील.) डेल पाच मिनिटं कपाळ धरून बसला होता.

आणि मग आला फोन तुमच्या किट्सन संघाच्या मॅनेजरचा, म्हणजे तुझ्या नवऱ्याचा. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पाऊस झाला, गव्हाची पेरणी झाली, आणि मग हळूच म्हणाले, “ओर्सिया, तुझा गोलकीपर कीगन आम्हाला दे. आम्हाला सरकारी मदतीतून नवी बर्फाची गाडी मिळाली आहे, जुनी तू घेऊन जा.” मी म्हटलं, “काहीतरीच काय, भाऊजी!” ते थोडा वेळ डासांविषयी बोलले. पुन्हा म्हणाले, “दे गं.” मी म्हटलं, “नको हो, राहू दे.” इथे शहरातला माणूस असता तर सुटले असते. पण भाऊजी आपल्यातले. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “आता माझा शब्द मोडू नकोस बाई.” आणि ताई, माझ्या तोंडाने, मला न विचारता, तुझ्या कोबीच्या डोलम्यांचा उरलेला डबा नाताळात घेते ना, अगदी त्याच सुरात सांगून टाकलं, “बरं, एवढं म्हणताच आहात तर न्या!”

शुक्रवारी सह्या व्हायच्या आहेत. डेल खुशीत आहे, गाव खुशीत आहे, गाडी कुठे उभी करायची ह्यावर आत्ताच दोन तट पडलेत. मला मात्र तुमची काळजी वाटते, म्हणून हे पत्र. कीगन गोलकीपर आहे हे भाऊजींना ठाऊक आहे. बाकी काहीही ठाऊक नाही. पोरगा न्यूफाउंडलंडचा, एकोणीस वर्षांचा. बाहेरगावचे खेळाडू आपल्याकडे घरोघरी राहतात तसा हा दोन हिवाळे माझ्याकडे आहे, आणि ह्या उन्हाळ्यात तर घरीसुद्धा गेला नाही, इथेच को-ऑपच्या खतांच्या गोदामात कामाला लागला. तेव्हा मी बोलते ते अनुभवाचे बोल आहेत. तो खातो! माणसासारखा नाही, कापणीला आलेल्या टोळीसारखा खातो. त्याचं ओलं सामान तळघरात वाळत टाकलं की मांजर घर सोडून जातं. चेंडू मारून मारून त्याने माझ्या गॅरेजच्या दाराला पोचे पाडलेत. सामन्याच्या दिवशी डाव्या पायाचा मोजा आधी घातला नाही तर तो बसमध्ये चढत नाही. शिवाय अंघोळीत गातो. असा माणूस भाऊजींनी कशाला गळ्यात घ्यावा? त्यांना सांग, शुक्रवारच्या आत आपण होऊन मागणी मागे घ्या, मी मुळीच मनाला लावून घेणार नाही.

फोन करत नाही, कारण तुमच्याकडे तो भाऊजीच उचलतात आणि त्यांच्यापुढे माझं तोंड पुन्हा दगा देईल. गुरुवारी डेल डुकरं घेऊन किट्सनला येतोय, त्याच्या हाती हे पाठवते. पत्राला वास आला तर तो माझा समजू नये.

तुझी धाकटी,
ओर्सिया
(जनरल मॅनेजर)

ता. क. वरचं सगळं भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव. इथून पुढचं एकटीने वाच. गॅरेजचं दार त्यानेच ठोकून सरळ केलं, आता आधीपेक्षा चांगलं लागतं. हिवाळ्यात मी उठायच्या आत अंगणातला बर्फ काढलेला असतो. माइक गेल्यावर मला घर खायला उठायचं, ताई. तुला कधी बोलले नाही. पहिल्या दिवशी हा आला आणि न विचारता माइकच्याच खुर्चीत बसला. ऊठ म्हणणार होते, पण त्याने तेवढ्यात ताट पुढे केलं. मला त्याला द्यायचं नाही. गाडीवाचून गावातल्या सगळ्यांनी बादल्यांनी पाणी घालून बर्फ केला तरी चालेल.

ता. क. २. बुधवार सकाळ. बरं झालं पाकीट चिकटवलं नव्हतं. कीगनला सगळं ठाऊक होतं. को-ऑपमध्ये गावाला कळायच्या आधी सगळं कळतं. मला वाईट वाटेल म्हणून गप्प होता. तुमच्या किट्सनला अमेरिकेतल्या कॉलेजांची माणसं खेळाडू हेरायला येतात. इथे येतात ती रस्ता चुकलेली. आणि ह्या संघांत विसाव्या वर्षापर्यंतच खेळता येतं, म्हणजे त्याचा आता एकच मोसम उरलाय. मी अंडी परतता परतता विचारलं, “जायचंय का रे तुला?” म्हणाला, “छे, मावशी, मी इथे मजेत आहे.” मी म्हटलं, खरं सांग. म्हणाला, “खरंच नाही. पेरोगी कोण देणार मला तिकडे?” तिसऱ्यांदा विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. गप्प बसले असते तर तो राहिला असता. मी त्याच्याकडे पाठ केली, नळ सोडला आणि विचारलं. मग म्हणाला, “तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर... जावंसं वाटतं.”

दोन हिवाळ्यांत पोरगं अगदी आपल्यातलं झालंय.

तेव्हा वरचं काहीएक वाचून दाखवू नकोस. मी सही करते. त्याला तुझ्याच घरी ठेव, दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि पुढच्या रस्त्याकडची खोली दे. मी दर रविवारी येणार आहे, त्याला माझी मोटार येताना दिसायला हवी. मोजा डावा आधी. जेवताना नको म्हणेल, ते ऐकायचं नाही.

ता. क. ३. असा गोलकीपर जुन्या खटाऱ्यावर मिळत नसतो. भाऊजींना सांग, मॅनेजरबाईंना ती नवी बर्फाची गाडी हवी आहे. ते नाही म्हणतील. आणखी दोनदा विचार.