टायसाठी विणलेलं जाळं

३ मार्च, सोमवार
टायने आज सगळ्यांसमोर अपमान केला. (नाव लिहून वही विटाळायची नाही. रोज टाय लावतो, म्हणून टाय.) माझी एक ओळ चुकीची जोडली गेली, तर म्हणाला, नववी नापासाला अर्थ लावायला बसवणं म्हणजे बैलाला चष्मा. सगळे खिदळले. मीही हसलो. हसता हसता त्याचे दात मोजून ठेवले.
निश्चय : वर्षअखेरीस मी इथे कायम होणार. त्याआधी टाय रस्त्यावर.

४ मार्च
काम सोपं आहे. कंपनीने आजवर केलेल्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली. गिऱ्हाइकाला काय काय हवं होतं, त्याच्या ओळी. दोन ओळींचा अर्थ एकच असेल तर स्क्रीनवर त्यांच्यात दोरा जोडायचा. मोठ्या मॅडम याला सिमँटिक वेब म्हणतात. वेब म्हणजे जाळं. जाळं कशासाठी असतं, हे मला शिकवायला नको.

९ मार्च, रविवार. तरी ऑफिसात.
सापडला! टायने हॉस्पिटलसाठी लिहिलेलं उचलून लायब्ररीला चिकटवलंय. पेशंट खोडून वाचक, बस्स. वाचकाला डिस्चार्ज देण्यापूर्वी नातेवाइकाची सही घ्यावी म्हणे!
कॉपी पकडली की काय होतं ते मला विचारा. नववीत बाहेर काढलं, ते अजून आत घेतलेलं नाही.

१६ मार्च
ताईचा फोन. कायम झालास का, मुलीकडचे विचारतायत. म्हटलं, आधी एक काटा काढायचाय. तिने विचारलं, पायातला की डोक्यातला? ताईला ऑफिस कळत नाही.

२ एप्रिल
दोरे २,३१४. शाळा, बस डेपो, दवाखाना, जिथे तिथे टायचीच ओळ. मॅडम म्हणाल्या, वर्षाचं काम इतक्या लवकर? म्हटलं, तळमळ. खोटं नाही.
उद्यापासून टायशी बोलणं बंद.

३ एप्रिल
बोललो. चहा घेऊन आला होता. चहाशी वैर नाही.

११ एप्रिल, मीटिंग
मॅडमनी भिंतीवर जाळं दाखवलं. सगळे दोरे टायकडे. मी खुर्ची पुढे ओढली.
मॅडम म्हणाल्या, हेच तर हवं होतं! एकदा लिहायचं, नऊदा वापरायचं. हा माणूस इतकी वर्षं हेच करतोय आणि आपल्याला पत्ता नाही! लायब्ररीची ती सही? किरकोळ, म्हणाल्या, दुरुस्त होईल.
टाय नव्या विभागाचा प्रमुख. टाळ्या. मीही वाजवल्या, शेजारचा बघत होता म्हणून.

३० एप्रिल
फायली संपल्या, म्हणून मीही संपलो. मॅडम म्हणाल्या, इतक्या झपाट्याचा माणूस पाहिला नाही. उद्यापासून येऊ नका.
टाय जिन्यापर्यंत सोडायला आला. टोमणा मारणार, नक्की. माझी तीन उत्तरं तयार होती, तिसरं फार लागलं असतं.
त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, भाऊ, सख्ख्यानेही माझ्यासाठी एवढं केलं नाही.
डोळ्यांत पाणी होतं. जवळ जाऊन पाहिलं. खरंच होतं.