मायची पाऊणकी

औरंगाबाद, पौष वद्य तृतीया

तीर्थरूप मायच्या पायावर बद्रीनाथचं डोकं.

मी खुशाल हाये. बोर्डिंगात भाकर पोटभर भेटते. तुझा खोकला थांबला का?

मागच्या पत्रात गणित बराबर चाललंय असं लिव्हलं, ते खोटं होतं. इथं सारं उर्दूत. तू डाळ मापताना म्हणती ती पाऊणकी, पाऊणचा पाढा, मला गावठी वाटली. ती दाबून ठेवली, अन् पाटी कोरीच ऱ्हायची.

काल मास्तरसाहेबांनी विचारलं, पाऊण शेराची अठ्ठावीस मापं म्हंजे किती शेर? माझे ओठ हलले. "जोरसे बोल," ते म्हणाले. मी डोळे मिटून पाऊणकी म्हणत गेलो, थेट एकवीसपर्यंत. मास्तरसाहेब म्हणाले, "बिलकुल बराबर! किसने सिखाया?"

आता फळ्याकडं मी आपणहून जातो. सालाना परीक्षेचं थोडं भेव हाये, पण थोडंच.

गिरिधरकाका, तुम्ही पत्र वाचून दाखवून राह्यलात, तर पुढचं दोनदा वाचा. माय सदा म्हणती, "मला अडाणीला काय कळतं?" मी भर वर्गात सांगितलं, "माझ्या मायनं, टेंभुर्णीच्या सोनूबाईनं शिकिवलं."

तुझा बद्री